विश्लेषण : थेट शेतकऱ्याकडून भाजी घेतल्याने नेमका फायदा कुणाचा?
कुसगाव-लोणावळ्यासारख्या अर्ध्या शहरी पट्ट्यात शेतकरी बाजाराची गरज का आहे? त्यातून आरोग्याला आणि गावाला काय मिळते? आणि हे बाजार टिकत का नाहीत?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्याला कुसगाव हे नाव पाटीवर दिसते आणि मागे पडते. खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’ प्रकल्पामुळे ते अलीकडे बातम्यांत वारंवार येऊ लागले. मात्र गावाचा रोजचा प्रश्न रस्त्यापेक्षा वेगळा आहे. एका बाजूला भातखाचरे आणि डोंगर, दुसऱ्या बाजूला शिक्षणसंस्था, बंगले, सोसायट्या आणि शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी. पिकवणारा आणि खाणारा इतके जवळ असूनही त्यांची भाजी बहुतेक वेळा वाशी किंवा पुण्याच्या मार्केट यार्डाला वळसा घालून येते. हा वळसा टाळणारी व्यवस्था म्हणजे शेतकरी बाजार. तिचे फायदे कोणते, मर्यादा कोणत्या, याचा हा आढावा.

मावळात हा प्रश्न महत्त्वाचा का?

मावळ हा मुख्यतः भाताचा तालुका. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हे त्याचे तीन भाग. इंद्रायणी नदी कुसगावशेजारच्या कुरवंडे परिसरात उगम पावते आणि तिचेच नाव मिळालेला ‘इंद्रायणी’ तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये विकसित केला. त्याच्या वंशावळीत आंबेमोहर आहे, म्हणून त्याला तो मंद वास आणि शिजल्यावरचा मऊपणा. तळेगाव आणि पवनानगरच्या बाजूला हरितगृहांतील गुलाबांची शेती वाढली आहे. बाकी ठिकाणी भातानंतर ओलाव्यावर येणारी कडधान्ये आणि पाण्याची सोय असेल तिथे भाजीपाला, असे पिकांचे चित्र दिसते.

येथे शेतजमीन तुकड्यातुकड्यांची आहे. एका कुटुंबाच्या मळ्यात एका वेळी दहा-वीस क्रेट माल निघतो, ट्रक भरेल इतका नाही. लोणावळ्यापासून वाशी आणि पुण्याचे मार्केट यार्ड हे दोन्ही बाजार साधारण ६५ ते ७० किलोमीटरवर आहेत. एवढ्या थोड्या मालासाठी तिथवर जाणे परवडत नाही. मग माल गावातच फिरणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायचा किंवा भाजी पिकवणेच बंद करायचे, हे दोन पर्याय उरतात. तिसरा पर्याय मावळात सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीला भाव आहे. शेती परवडेनाशी झाली की गुंठेवारीचा विचार सुरू होतो. त्यामुळे भाजीला घराजवळ गिऱ्हाईक मिळणे, हा येथे केवळ दराचा मुद्दा नाही. शेत शेत म्हणून राहणार का, याच्याशी त्याचा संबंध आहे.

शेतकरी बाजार आणि आठवडे बाजार यांत फरक काय?

आठवडे बाजार ही जुनी व्यवस्था आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावात बाजार भरतो. कपडे, भांडी, सुके मासे, मसाले, भाजी, सगळे एका जागी मिळते. ग्रामपंचायतीला अशा बाजारावर फी आकारण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. मात्र तिथे भाजी विकणारा शेतकरी असेलच असे नाही. पहाटे मोठ्या मंडईतून माल उचलून चार गावांचे चार बाजार करणारे विक्रेते तिथे मोठ्या संख्येने असतात. त्यांचाही तो प्रामाणिक धंदाच आहे. फक्त तो शेतकरी बाजार नाही.

शेतकरी बाजारात एकच मुख्य अट असते. जो पिकवतो तोच, किंवा त्याचा गट अथवा उत्पादक कंपनी, ग्राहकाला थेट विकते. मधे आडत नाही, घाऊक व्यापारी नाही, किरकोळ दुकानदार नाही. ही अट पाळली गेली तरच पुढचे सगळे फायदे मिळतात. अट सुटली की उरतो तो नेहमीचा भाजीबाजार, फक्त फलक वेगळा.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात शेतमालाच्या विक्रीचे नियमन १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने होते. शेतकऱ्याची उघड लिलावात, योग्य वजनमापाने विक्री व्हावी, हा त्याचा हेतू होता. काळाच्या ओघात बाजार समित्यांबाहेर विक्रीचे मार्ग अरुंद झाल्याची तक्रार वाढली. २००६ च्या सुधारणांनंतर थेट पणन, खासगी बाजार आणि शेतकरी-ग्राहक बाजार यांना कायद्यात जागा मिळाली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्या वेळी व्यापाऱ्यांनी संपही पुकारला होता.

त्यानंतर लगेच, ऑगस्ट २०१६ मध्ये, ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान’ सुरू झाले. राज्य कृषी पणन मंडळाकडे त्याची जबाबदारी देण्यात आली. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे सावता माळी हे मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहणारे संत. त्यांचे नाव या योजनेला देणे समर्पक होते. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड अशा शहरांत असे बाजार भरू लागले. त्याआधीही खासगी प्रयत्न झाले होते. मुंबईत वांद्र्याला कविता मुखी यांनी २०१० मध्ये सेंद्रिय शेतमालाचा बाजार सुरू केला होता.

इतर राज्ये यात महाराष्ट्राच्या पुढे होती. पंजाबने १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू केली. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ आले, तर तमिळनाडूत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मदुराईतून ‘उळवर सन्दै’ सुरू झाला. दक्षिणेतील या दोन्ही योजनांत शेतकऱ्याची खातरजमा करून त्याला ओळखपत्र दिले जाते आणि दिवसाचे दर फलकावर लिहिले जातात. हे दर घाऊक भावापेक्षा वर आणि किरकोळ भावापेक्षा खाली राहतील, याकडे लक्ष दिले जाते. सरकार बदलले तरी हे बाजार बऱ्याच अंशी टिकले, याचे कारण ही शिस्त आणि कायमची जागा.

शेतकऱ्याच्या हातात किती जास्त पडते?

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासानुसार, ग्राहकाने भाजीसाठी मोजलेल्या प्रत्येक रुपयातून शेतकऱ्याला टोमॅटोमागे सुमारे ३३ पैसे, कांद्यामागे ३६ पैसे आणि बटाट्यामागे ३७ पैसे मिळतात. उरलेला पैसा वाहतूक, हमाली, तोलाई, आडत, नासाडी आणि मधल्या प्रत्येकाच्या नफ्यात वाटला जातो. म्हणजे दुकानात टोमॅटो ६० रुपये किलो असेल तर शेतकऱ्याला साधारण २० रुपये सुटतात. थेट विक्रीत दर ४० रुपये ठेवला तर ग्राहकाचे २० रुपये वाचतात आणि शेतकऱ्याचा दर दुप्पट होतो.

कागदावर हे आकर्षक वाटते. पण प्रत्यक्ष बाजारात बसायला खर्च येतो आणि तो बहुतेक चर्चांतून गळतो. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने ४० किलो टोमॅटो बाजारात नेले. ३२ किलो ४० रुपयांनी गेले, त्याचे १,२८० रुपये. संध्याकाळी उरलेले ८ किलो १५ रुपयांनी द्यावे लागले, त्याचे १२०. एकूण १,४०० रुपये. त्यातून टेम्पोचे २००, जागेची फी ३० आणि दिवसभर बसलेल्या माणसाची मजुरी ४०० रुपये वजा केली तर उरले ७७० रुपये. हाच माल व्यापाऱ्याला २० रुपयांनी दिला असता तर घरबसल्या ८०० रुपये मिळाले असते.

आता तीन शेतकऱ्यांनी मिळून तीन वेगवेगळ्या भाज्या प्रत्येकी ४० किलो नेल्या आणि एकच माणूस विकायला बसला, असे धरू. सोयीसाठी दर तेच ठेवू. विक्री ४,२०० रुपयांची होते. मोठ्या टेम्पोचे ४००, फी ३० आणि एका माणसाची मजुरी ४०० वजा जाता ३,३७० रुपये उरतात. व्यापाऱ्याकडून तिघांना मिळून २,४०० मिळाले असते. म्हणजे एका दिवसात ९७० रुपये, प्रत्येकी ३२० रुपयांहून थोडे अधिक सुटले.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एकट्या लहान शेतकऱ्याला थेट विक्री परवडेलच असे नाही. गटाने केली तर परवडते. पुणे-मुंबईतील बाजार शेतकरी गटांनी आणि उत्पादक कंपन्यांनी चालवले, त्यामागे हेच गणित आहे.

नासाडी कमी होते का?

होते, आणि त्याचा फायदा दोन्ही बाजूंना आहे. नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत काढणीनंतर भाज्यांची ४.८७ ते ११.६१ टक्के आणि फळांची ६.०२ ते १५.०५ टक्के नासाडी होत असल्याचे आढळले. माल जितक्या वेळा चढवला-उतरवला जाईल आणि जितका वेळ उन्हात राहील तितका तो खराब होतो. सकाळी खुडलेली मेथी त्याच दिवशी दहा किलोमीटरच्या आत विकली गेली तर हा तोटा जवळपास टळतो. दूरच्या बाजारासाठी टोमॅटो, केळी, पपई कच्चे असतानाच काढावे लागतात. जवळच्या बाजारासाठी ते झाडावर पिकू देता येतात. चवीतला फरक येथून सुरू होतो.

आरोग्याचा फायदा खरा की केवळ समजूत?

बराचसा खरा, पण तो नीट समजून घ्यायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या प्रौढाने ४०० ग्रॅम भाज्या (त्यात पालेभाज्या आल्या) आणि १०० ग्रॅम फळे खावीत, असे ती सांगतात. देशातील एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाजही त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस फळे-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅमची आहे. चार माणसांच्या घराला या हिशेबाने रोज दीड किलोहून अधिक भाजी लागते. बहुतेक घरांत एवढी भाजी शिजत नाही. दर आणि ताजेपणा ही त्याची दोन सरळ कारणे आहेत.

ताजेपणाचा पोषणाशी थेट संबंध आहे. पालेभाज्यांतील ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट काढणीनंतर कमी होत जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले, की शीतकपाटाच्या तापमानाला, म्हणजे ४ अंश सेल्सिअसला, ठेवलेल्या पालकातील फोलेट आठ दिवसांत जवळपास निम्म्यावर येते. २० अंशांना हीच घट चार दिवसांत होते. आपल्याकडे भाजी हातगाडीवर यापेक्षा जास्त तापमानात असते. फोलेट गर्भवतींसाठी आणि रक्तनिर्मितीसाठी महत्त्वाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला आणि सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. या पार्श्वभूमीवर ताज्या पालेभाजीची जुडी ही चैन ठरत नाही.

अर्थात केवळ पालेभाजीने रक्तक्षय बरा होत नाही. वनस्पतीजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळले, जेवणात टोमॅटो, आवळा, पेरू असा ‘क’ जीवनसत्त्वाचा स्रोत असला तर ते शोषण वाढते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर घटते. हिमोग्लोबिन खूपच कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

दुसरा फायदा विविधतेचा. दुकानात बाराही महिने तीच दहा-बारा प्रकारची भाजी दिसते. शेतकरी बाजारात ऋतू दिसतो. पावसाळ्यात दोडका, पडवळ, काकडी. थंडीत मेथी, चाकवत, करडई, मुळा, हिरवा वाटाणा, पावटा. ऋतूबरोबर ताट बदलले की वेगवेगळी पोषकद्रव्ये आपोआप मिळतात.

रानभाज्यांचे महत्त्व काय?

मावळात शेतकरी बाजाराचा विचार रानभाज्यांशिवाय पूर्ण होत नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर डोंगरकुशीतील कातकरी आणि ठाकर समाजातील स्त्रिया टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, चाईचे कोंब घेऊन रस्त्याकडेला बसतात. या भाज्यांना बियाणे लागत नाही, खत लागत नाही आणि फवारणीही होत नाही. खर्च फक्त कष्टांचा आणि माहितीचा.

ही माहिती फार मोलाची आहे. घाटाखाली मिळणारे शेवळे नीट न शिजवता खाल्ले तर घसा खाजतो. म्हणून त्यात काकडाची फळे किंवा चिंच घालतात. कोणती भाजी कोवळी घ्यायची, कोणते पाणी टाकून द्यायचे, कोणत्या दिसायला सारख्या वनस्पतीपासून दूर राहायचे, हे विकणाऱ्या मावशी सांगतात. पाकिटावर ते लिहिलेले नसते. अनोळखी रानभाजी स्वतः तोडून आणण्यापेक्षा जाणकार विक्रेतीकडून घेणे शहाणपणाचे, तेही याचसाठी. राज्याचा कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. मात्र वर्षातून एका दिवसाच्या महोत्सवाने विक्रेतीचे घर चालत नाही. तिला पावसाळाभर, आठवड्यातून किमान एकदा, छताखालची जागा हवी असते.

‘गावरान’ म्हणजे विषमुक्त का?

नाही. येथे ग्राहकाची गल्लत सर्वाधिक होते. जवळ पिकलेली भाजी ताजी असते, पण तिच्यावर कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री अंतरावरून देता येत नाही. फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस थांबावे लागते. तो काळ पाळला नाही तर शेजारच्या मळ्यातील वांगीही सुरक्षित नसतात. ‘गावरान’, ‘देशी’, ‘नैसर्गिक’ हे शब्द पाटीवर लिहायला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

‘सेंद्रिय’ या शब्दासाठी मात्र नियम आहेत. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नासाठी नियमावली केली. लहान शेतकऱ्यांसाठी ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभागी हमी पद्धत आहे. तीत शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतो. खर्चीक त्रयस्थ प्रमाणीकरणापेक्षा ती सोपी आहे.

शेतकरी बाजाराचा खरा उपयोग असा, की तिथे प्रश्न विचारता येतो. शेवटची फवारणी कधी केली, कशाची केली, शेत कुठे आहे, बघायला येऊ का? मंडईतील चौथ्या हातच्या विक्रेत्याला याची उत्तरे ठाऊक नसतात. शेतकऱ्याला असतात. दर आठवड्याला त्याच ग्राहकासमोर बसायचे असेल तर खोटे उत्तर महागात पडते. तरीही घरी आणलेली भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुणे, पालेभाज्यांची बाहेरची पाने काढणे हे करायलाच हवे.

गावाला काय मिळते?

पहिली गोष्ट, पैसा गावात फिरतो. कुसगावच्या सोसायटीतून मळ्यावर गेलेले ५०० रुपये गावच्या किराणा दुकानात, टेम्पोवाल्याकडे, रोपवाटिकेत जातात.

दुसरी, घरातील बाईच्या हाती रोकड येते. मोठ्या बाजारात माल पाठवला की पट्टी आणि पैसे बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर येतात. स्थानिक बाजारात विकायला बसते ती बाई आणि गल्लाही तिच्याच पदराला. बचत गटांतील महिलांना भाजीसोबत पापड, लोणची, भाजणी, कडधान्ये विकण्याची सोय होते.

तिसरी गोष्ट आकड्यांत पकडायला अवघड, पण महत्त्वाची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी १९८१ मध्ये सुपरमार्केट आणि शेतकरी बाजारातील ग्राहकांच्या वागण्याची तुलना केली. सुपरमार्केटमध्ये बहुतेक लोक एकटे येतात आणि गप्प खरेदी करून जातात. शेतकरी बाजारात ते घोळक्याने येतात आणि परस्परांशी, विक्रेत्यांशी कितीतरी अधिक बोलतात, असे त्यांना आढळले. आपल्याला हे नवे नाही. बाजाराच्या दिवशी सोयरिकी जुळतात, निरोप पोहोचतात, आजाऱ्याची चौकशी होते. पण कुसगावसारख्या ठिकाणी आता दोन वस्त्या शेजारी राहतात. जुने गावकरी आणि नव्याने आलेले रहिवासी, विद्यार्थी, निवृत्त जोडपी. त्यांचे एकमेकांशी बोलणे मुख्यतः सुरक्षारक्षक, घरकाम आणि जागेच्या व्यवहारापुरते उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. आठवड्यातून एकदा भाजीच्या निमित्ताने होणारी ओळख हा त्यावर उपचार नाही, पण सुरुवात आहे.

मग हे बाजार बंद का पडतात?

कारणे सरळ आहेत. एक, कायमची जागा नसते. मोकळ्या भूखंडावर किंवा रस्त्याकडेला सुरू झालेला बाजार बांधकाम सुरू झाले की उठतो. दोन, शेतकऱ्याच्या नावाने व्यापारी बसतात. आंबे, सफरचंद, बटाटे एकाच गाळ्यावर दिसू लागले की ते एका शेतातले नाहीत हे कळायला हवे. पण तपासणी करणारे कुणी नसते. तीन, सातत्य नसते. दोन आठवडे माल आला नाही की ग्राहक पुन्हा दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपकडे वळतो. चार, मावळापुरती भर म्हणजे पाऊस. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर बाजार भरूच शकत नाही, आणि रानभाज्यांचा हंगाम नेमका तोच. पाच, स्वच्छतागृह आणि पाणी. सकाळी सहाला घर सोडून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या महिलेसाठी ही सोय नसेल तर ती पुढच्या वेळी येत नाही.

दर हाही एक मुद्दा आहे. शेतकरी बाजार नेहमी स्वस्तच असेल ही अपेक्षा चुकीची आहे. बाजारात टोमॅटो कोसळून ८ रुपयांवर येतो तेव्हा शेतकऱ्याने १५ रुपये मागितले तर ते महाग नव्हे. त्याच्या खर्चाच्या जवळचे आहे. आणि दुकानात तो १०० वर जातो तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याने ७० ला द्यावा, ही त्या नात्याची दुसरी बाजू आहे.

कुसगाव परिसरात काय करता येईल?

भाजीवर एकट्या बाजार वर्षभर चालणार नाही, हे मावळात मान्य करावे लागेल. येथे मुख्य माल तांदूळ आहे. ‘इंद्रायणी’ हे नाव आता राज्यभर कुठल्याही पोत्यावर दिसते. ज्याने पिकवला त्याच्याकडूनच, नोव्हेंबर-डिसेंबरच्या काढणीनंतर, कमी पॉलिशचा तांदूळ वर्षाचा भरून घेणे हा भेसळीवरचा सोपा उपाय आहे. तांदूळ नासत नाही, संध्याकाळी पडून भावात द्यावा लागत नाही. तांदूळ, पावटा-मसूरसारखी कडधान्ये, अंडी हे कायमचे आणि भाजी ऋतूनुसार, अशी मांडणी केली तर गाळा बाराही महिने भरलेला राहतो.

दुसरे, वार आणि वेळ. रविवारी सकाळी पर्यटक मिळतात, पण ते नेहमीचे गिऱ्हाईक नव्हे. स्थानिक रहिवाशांसाठी आठवड्यातील मधला एक वार आणि पर्यटकांसाठी रविवार, असे दोन दिवस ठरवणे जास्त उपयोगी. सोसायट्यांनी आवारात जागा आणि शेड दिली तर ग्रामपंचायतीवरचा भार कमी होतो. शिक्षणसंस्थांच्या वसतिगृहांनी आठवड्याच्या भाजीचा काही भाग तरी शेतकरी गटाकडून घेतला तर किमान विक्रीची हमी मिळते.

तिसरे, ओळखपत्र. सातबारा किंवा कृषी सहायकाच्या दाखल्यावर गाळा देणे, दिवसाचे दर फलकावर लिहिणे आणि काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असणे. दक्षिणेत हे पंचवीस वर्षांपासून होते आहे. डोंगरातून रानभाजी आणणाऱ्या कातकरी महिलेकडे सातबारा नसतो. तिच्यासाठी ही अट वेगळी ठेवावी लागेल. नाहीतर नियमाच्या नावाखाली सर्वांत गरजू विक्रेतीच बाहेर राहील.

ग्राहकाने काय पाहावे?

- विक्रेत्याकडे दोन-चारच प्रकारची, हंगामातली भाजी असेल तर तो शेतकरी असण्याची शक्यता जास्त. बिगरहंगामी आणि परराज्यातील फळे असतील तर विचारावे.
- गाव, शेत आणि शेवटची फवारणी विचारण्यात संकोच करू नये.
- आकाराने लहान, थोडी वेडीवाकडी भाजी नाकारू नये. पोषणात फरक नसतो आणि शेतकऱ्याचा माल वाया जात नाही.
- पालेभाजी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिजवावी. ताजी आणून आठवडाभर ठेवली तर ताजेपणाचा फायदा राहत नाही.
- जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस टाळावी. मॉलमध्ये ती कुणी करत नाही.
- एकाच शेतकऱ्याकडे सातत्याने जावे आणि पुढच्या आठवड्याची मागणी आधी सांगावी. त्यावर तो काढणी ठरवतो आणि उरलेला माल कमी होतो.

थेट विक्रीने बाजार समित्या अनावश्यक ठरणार नाहीत. मुंबई-पुण्याच्या लोकसंख्येला पुरेल एवढा माल घाऊक बाजाराशिवाय हलवता येत नाही. शेतकरी बाजाराचे काम त्याहून लहान आहे. जिथे पिकवणारा आणि खाणारा एकाच गावात राहतात, तिथे तरी भाजीने शंभर किलोमीटरचा फेरा घेऊ नये. कुसगावात हे दोघेही आहेत. प्रश्न एका छपराचा, एका ठरलेल्या वाराचा आणि तो वार दोन्ही बाजूंनी पाळण्याचा आहे.